काकूंकडचा फोन

आमच्या गल्लीत फोन एकच होता, काकूंकडे. बाकी सगळ्यांचा पीपी. म्हणजे फोन त्यांचा, नंबर आपण वाटायचा. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तर थोरल्या अक्काच्या लग्नपत्रिकेत तो नंबर छापला, पुढे कंसात पीपी लिहून, आणि आठवडाभर छाती काढून फिरले. आपला फोन आला की काकू ओट्यावर येऊन हाक मारायच्या. आपण ओढणीला हात पुसत पळायचं. बैठकीत त्यांचं अख्खं घर बसलेलं. काकू टीव्हीचा आवाज बारीक करायच्या. म्हणायच्या, "बोल, बोल, नीट ऐकू येऊ दे." कोणाला ऐकू यायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं, पण फोन त्यांचा, आपण काय बोलणार.

त्यात अक्काचं लग्न याच काकूंनी जमवलेलं. दोंडाईच्याचं घर, कापसाचा व्यापार, अक्काचे सासरे काकूंचे लांबचे भाऊ. पहिल्या दिवाळीनंतर अक्का एकदा फोनवर एवढंच म्हणाली, की इथे फार बोलणी खावी लागतात. चार दिवसांत ते वाक्य मीठमसाला लावून दोंडाईच्याला पोचलं. पत्रं तर तिच्या हातात पडायच्या आधीच फोडलेली असायची. त्यानंतर तिचा फोन आला की ती म्हणायची, "सगळं छान आहे. मी मजेत आहे."

मजेत! आमच्या घरात जन्मात कोणी मजेत नव्हतं. आम्ही बहिणी एकमेकींशी अहिराणीत बोलायचो, "बरं शे" म्हणायचो. ही पुस्तकातल्यासारखी कोण बोलतेय? काकू म्हणाल्या, "बघ, कशी सुखात आहे पोर." मला त्यांचा असा संताप आला की समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले.

तेव्हा मेहरूणच्या रस्त्याला नवं एसटीडी बूथ झालं होतं. काचेची केबिन, आत वाफ नुसती, पण दार लागायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी दार लावून फोन केला. युक्ती साधी होती. विचारायचं सगळं मी, अक्काने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. शेजारी कोणी बसलं असलं तरी त्याच्या कानावर तेवढंच पडणार.

सासऱ्यांनी उचलला. मी तोंडात साखर ठेवून बोलले. अक्का आली.

"नुसतं हो-नाही म्हण. जवळ बसलेत?"

"हो."

"त्रास होतो?"

"हो."

"मारतात?"

समोरच्या मीटरवर लाल आकडे पळत होते. "हो," ती म्हणाली, कोणी चहा घेणार का विचारल्यासारखं.

"घरी यायचंय?"

"हो."

आणि लाइनवर टक्क झालं. आवाज एकदम खोल गेला. त्यांच्या माडीवर याच लाइनचा दुसरा फोन होता, पॅरलल. लग्नात मी तो डोळ्यांनी पाहिला होता आणि आज नेमका डोक्यातून गेला होता.

भीती वाटली की माझी जीभ सुटते. "कोण ऐकतंय?" मी म्हणाले. "ऐकताच आहात तर नीट ऐका. माझ्या बहिणीला आता बोट जरी लागलं तर गाठ माझ्याशी आहे." पोकळ धमकी. मी कॉलेजातली पोरगी, जळगावात, काचेच्या पेटीत उभी.

पलीकडे कोणीतरी श्वास घेतला. मग बाईचा आवाज, अगदी दबका. "तुना बापले धाड, पोरी. उद्या बठ्ठा लगीनले जातीन. तिले लई जा."

उद्या सगळे लग्नाला जाणार, तेव्हा नानांना पाठवून अक्काला घेऊन जा, असं ती सांगत होती. त्या घरात अक्काखेरीज बाई एकच होती, तिची सासू. लग्नभर तिचा आवाजसुद्धा मी ऐकला नव्हता. आणि हा सापळा असला तर? "अक्का, या खरं बोलताहेत?" मी विचारलं.

"हो," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

नाना आधी माझ्यावरच भडकले. "फोनवर कोणी काही बोललं म्हणून लेक घरी आणू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगतंय कोण?" मी म्हणाले. "तुम्ही फक्त काकूंपुढे तोंड उघडू नका."

ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. सकाळी पिशवी घेऊन निघाले तर काकू ओट्यावर उभ्याच. कुठे निघालात म्हणून त्यांनी विचारलं. "पहूरला, पाहुण्यांकडे," नाना म्हणाले. ज्या माणसाला जन्मात लबाडी जमली नाही, तो इतकं सरळ खोटं बोलला की मला त्यांचा अभिमान वाटला. दिवसभर काकूंच्या घरात फोन वाजला की माझा जीव टांगणीला लागायचा.

संध्याकाळच्या पॅसेंजरने दोघं आली. अक्का नेसत्या साडीनिशी. कोणाशी न बोलता ती आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. आमच्याकडे माणसं जागी असताना दार लावत नाहीत, लावलं की गल्ली विचारायला येते. आई उठायला लागली. "राहू दे," नाना म्हणाले. "लावू दे तिला." मी दाराला कान लावायला निघाले होते, ती गपचूप ओट्यावर जाऊन बसले.

काकूंनी आमच्याशी बोलणं टाकलं. तरी काही दिवसांनी त्यांची हाक आली. "तुझा फोन. कोणी बाई आहे, नाव सांगत नाही." अक्काच्या सासूचा, म्हणजे आपल्या भावजयीचा आवाज त्यांनीही फोनवर कधी ऐकला नसावा.

बैठक भरलेली होती. टीव्ही बारीक झाला.

"पोरी," पलीकडून तोच दबका आवाज. "जेवस का ती?"

"हो," मी म्हणाले.

"झोपस?"

"हो." आता हो-नाही म्हणायची पाळी माझी होती, आणि काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मन्हावर राग नही ना तिना?"

"नाही," मी म्हणाले.

आणि टक्क झालं.

ती माडीवरूनच बोलत असणार. म्हणजे खालचा फोन कोणीतरी उचलला होता. पलीकडचा श्वास थांबला. "अहो बाई, राँग नंबर लागलाय तुमचा," मी मोठ्याने म्हणाले. "इथे तुमचं कोणी राहत नाही." आणि फोन आपटला.

"राँग नंबरला एवढं हो हो म्हणालीस?" काकूंनी विचारलं. मी दाराकडे वळले. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या बाईचा फोन पुन्हा कधी आला नाही. माझं ते बोलणं खालच्या माणसाला खरं वाटलं का, हे मला आजवर कळलेलं नाही.