कानावरची दस्ती

ज्ञानोबा सोनकांबळे याला स्वस्थ बसलेला कुणी पाहिला नव्हता. टपरीवर बाकडं रिकामं असलं तरी तो चहा उभ्यानं प्यायचा आणि तळाशी चार घोट ठेवून निघायचा. बसलाच तर उजवा पाय हलत राहायचा, आणि त्या हलण्यानं शेजारच्याचा चहा सांडायचा. नांदेडहून बदली होऊन लातूरला आल्यापासून त्यानं तीन खोल्या सोडल्या होत्या. पहिलीच्या खाली पत्रे ठोकणारा होता, दुसरीला लागून पिठाची गिरणी, आणि तिसरीचा घरमालक झोपेत भाषण द्यायचा. चौथ्या खोलीत सामान लावून झाल्यावर बायको सिंधूनं एवढंच सांगितलं, की ह्यापुढं आभाळ गडगडलं तरी मी भांडी बांधणार न्हाई.

गावही त्याच्यासारखंच झालं होतं. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाल्याला तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा म्हटलं की कचेऱ्या आल्या, कचेरी म्हटलं की इमारत आली, इमारतीला उद्घाटन आलं आणि उद्घाटनाला कमान. जिथं बघावं तिथं कुणीतरी काहीतरी ठोकत होतं. सगळं येत होतं, पाऊस तेवढा यायचा राहिला होता. लागोपाठ दुसरं साल कोरडं गेलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही ऐन दुपारी तासभर, कारण पंपाला तेवढाच वेळ धड वीज मिळायची. टाकीतून निघालेलं निम्मं पाणी नळांपर्यंत पोचत नव्हतं. ते जमिनीखाली कुठं फुटतं हे शोधणं ज्ञानोबाचं काम होतं.

त्यासाठी त्याच्याकडं एक यंत्र होतं. खांद्याला लटकवायची पेटी, तिला वायर, वायरीच्या टोकाला पितळी पेल्याएवढा जड गोळा. गोळा रस्त्यावर ठेवायचा आणि हेडफोन कानाला लावायचा. खाली नळी फुटली असली तर फूस्स असा बारीक, न थांबणारा आवाज येतो. पाणी चालू असतानाच तो येतो, म्हणजे भर दुपारी, भर रहदारीत. म्हणून हेडफोन पाठीमागून बंद असलेले लागतात, बाहेरचं बाहेरच ठेवणारे.

ज्ञानोबाचा जीव ह्या बंद वाट्यांत अडकला होता. वाट्या कानावर बसल्या की पत्रे, घण, रिक्षांचे भोंगे, सगळं लातूर दार ओढून घेतल्यासारखं लांब जायचं. तेवढा तासभर त्याचा पाय हलत नसे. हे पहिल्यांदा पाहिलं ते चन्नबसप्पानं. चन्नबसप्पा म्हणजे व्हॉल्व उघडणारा, निलंग्याकडचा म्हातारा, निवृत्तीला टेकलेला. तो म्हणायचा, "ह्याला यंत्र लावलं की माणूस दिसतो. न्हाईतर शिवणाची मशीन."

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात हेडफोनच्या दोन जोड्या होत्या आणि आणखी घ्यायच्या होत्या, तेव्हा कुठली चांगली ते बघून सांग, असं साहेबांनी ज्ञानोबाला सांगितलं. त्यानं हे काम लग्नासाठी स्थळं बघावीत तसं मनावर घेतलं. पहिली जोडी यंत्राबरोबर परदेशातून आलेली. हलकी, वाट्यांना मऊ गादी, घातली आहे हे विसरायला लावणारी. तिला सगळे गादी म्हणायचे. दुसरी सिकंदराबादच्या जुन्या बाजारातली. लोखंडी पट्टी, दगडासारखं रबर, कानशिलं अशी दाबायची की पाव तासात जबडा उघडेनासा व्हावा. तिचं नाव चिमटा. कॅसेटच्या दुकानातून एक तिसरी, स्पंजाची जोडीही त्यानं मागून आणली. ती उघड्या पाठीची असल्यानं तिच्यातून नळी सोडून गंजगोलाईचा अख्खा बाजार ऐकू आला. ती त्यानं संध्याकाळच्या आत परत केली.

राहिल्या दोन. गादी घातली की सुख होतं, पण आवाज शेजारच्या गावात कुणी बोलतंय एवढाच. चिमट्यानं डोकं ठणकायचं, पण काहीतरी वाजायचं. चन्नबसप्पानं दोन्ही लावून पाहिल्या, मजुरांनी पाहिल्या, साहेबांनीही पाहिल्या. सगळ्यांचं एकमत झालं की परदेशी माल नुसता मऊ असतो. ज्ञानोबानं तसं लिहून दिलं, आणि आणखी सहा चिमट्यांची मागणी वर गेली.

ह्यात एक गोष्ट कुणाला सांगावीशी वाटली नाही, कारण ती सांगण्यासारखी कुणाला वाटतच नव्हती. दोन्ही जोड्या सगळ्यांनी लावल्या त्या कान बांधून. होळी झाली की मराठवाड्यातला शहाणा माणूस उघड्या कानानं उन्हात जात नाही. दस्तीची, म्हणजे मोठ्या रुमालाची, घडी घालायची, कानांवरून घ्यायची, हनुवटीखाली किंवा मानेमागं गाठ. उन्हाची लू कानातून शिरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दातदुखीच्या रोग्यांसारखे दिसणारे पाच-सहा जण दस्तीवरून हेडफोन चढवून मान डोलवत होते, आणि ते बघून कुणाला हसू आलं नाही.

ज्ञानोबाला तर नाहीच. बहात्तरच्या दुष्काळात तो पोरगेला होता. मुदखेडजवळ सडकेचं काम निघालं होतं, आणि त्याचा थोरला भाऊ व्यंकट तिथं खडी फोडायला जायचा. एका दुपारी त्यानं दस्ती ओली करून त्यात कामावर मिळालेली सुकडी बांधली आणि बोडक्यानंच काम केलं. संध्याकाळी अंग भट्टीसारखं झालं, आणि उजाडायच्या आत तो गेला. त्या दिवसापासून त्यांची माय, सरजाबाई, घरातल्या कुणालाही कान बांधल्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडत नसे. डॉक्टर लोकांचं मत वेगळं असेलही. ते सरजाबाईला सांगायची हिंमत असलेला डॉक्टर मुदखेडात नव्हता.

चिमट्याच्या भरवशावर ज्ञानोबानं पहिली खूण केली. मजुरांनी खणलं. खाली नळी ठणठणीत आणि मुरूम पापडासारखा कोरडा. दुसरी खूण केली ती शाळेसमोर. तिथंही तेच. खड्ड्याभोवती रिकाम्या घागरी घेऊन बाया उभ्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "खड्डा केलाच हाय तर झाड तरी लावा, सोनकांबळे. पुढच्या साली सावलीला बसून ऐका." ज्ञानोबानं यंत्राची वायर गुंडाळली. त्यानं फूस्स ऐकलं होतं. शपथेवर सांगायला तयार होता.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आणखी एक खड्डा कोरडा निघाला तर यंत्र कपाटात जाईल आणि तुम्ही औसा रोडला टँकर भरायच्या ठिकाणी. ज्ञानोबानं ते ठिकाण पाहिलं होतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टँकरांचे भोंगे, डिझेल इंजिनं, नंबरावरून हाणामारी, आणि मध्ये एक माणूस शिट्टी फुंकत उभा. तो माणूस आपण असू, ह्या विचारानं त्याचा पाय त्या आठवड्यात झोपेतही हलायला लागला. सिंधूनं अंथरूण पलीकडं सरकवलं.

अशात सरजाबाई आली. मुदखेडहून रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं लातूर, काखेत गाठोडं. पोरगा भर दुपारी सडकेवर बसून नोकरी करतो असं तिनं कुणाकडून ऐकलं होतं, आणि कान बांधतो की नाही ते स्वतःच्या डोळ्यानं बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्यासोबतच निघाली. साहेबांसमोर मायला घेऊन ड्युटीवर जाणं बरं दिसत नाही, हे त्यानं तीनदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, मी काय यंत्राला हात लावायले का.

त्या दिवशीचा रस्ता मोठ्या कमानीचा होता. जिल्हा झाला तेव्हा पाहुण्यांच्या स्वागताला स्वागत समितीनं ती उभी केली होती. पाहुणे दुपारी परत गेले, कमान राहिली. पलीकडच्या वस्तीत, म्हणजे ज्ञानोबाच्या स्वतःच्या गल्लीतही, नळाला नुसती हवा यायची. सरजाबाई लिंबाच्या सावलीत बसली. कोपऱ्यावर चन्नबसप्पानं व्हॉल्व उघडला. ज्ञानोबानं दस्ती घट्ट केली, चिमटा चढवला, गोळा पुढं पुढं ठेवत गेला. फूस्स होतं. मग नव्हतं. मान वळवली की पुन्हा होतं. त्याच्या कपाळावरून घाम वाट्यांत उतरत होता आणि खूण करायला हात धजत नव्हता.

काय ऐकू येतं रे, असं सरजाबाईनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं कटकट टाळायला पेटीतून गादी काढली आणि तिच्या हातात दिली. चिमटा तिच्या म्हाताऱ्या कानशिलांना सोसला नसता.

सरजाबाईनं ती उलटसुलट केली. मग सडकेवर चार पुरुषांत कुठलीही बाई करील तेच तिनं केलं. डोक्यावरचा पदर जरा मागं सारला, गादी आत कानांवर बसवली, आणि पदर वरून पुन्हा पुढं ओढून हनुवटीखाली मुठीत धरला. तिनं मान जरा तिरकी केली. मग सहज म्हणाली,

"मुदखेडात इंजिन पाणी भरायलंय तसं वाजायलंय की."

ज्ञानोबानं गादी घेऊन स्वतःच्या दस्तीवर चढवली. शेजारच्या गावातली कुजबुज. त्यानं ती परत मायला दिली. ती पुन्हा म्हणाली, "यायलंय की बापा. साफ यायलंय. तुला न्हाई येत?"

तो तिच्याकडं बघत राहिला. पदराखाली दोन्ही बाजूंना वाट्यांचे फुगवटे दिसत होते. तिचं कापड वर होतं आणि हेडफोन खाली. त्यानं स्वतःच्या कानाला हात लावला. बोटांना दस्तीची चौपदरी घडी लागली. मान वळवली तसं कापड रबरावर घासलं आणि कानात आवाज आला, फूस्स.

दोन्ही कोरडे खड्डे त्याला एकदम दिसले.

त्यानं मानेमागची गाठ सोडली. सरजाबाई उठून उभी राहिली.

"ज्ञानू, कान बांध."

"बांधतो, माय."

"आधी बांध."

"ह्याच्यावरून बांधतो. तुझ्यावानी."

पण हेडफोन अजून तिच्याच कानावर होता, आणि ती द्यायला तयार नव्हती. उन्हात त्याचे उघडे कान तिला दिसत होते, बहात्तरनंतर पहिल्यांदा. मग तिनं पदर मागं टाकला, बोडक्यानं, सडकेवर, चन्नबसप्पादेखत, गादी काढली आणि स्वतःच्या हातानं त्याच्या कानांवर बसवली. वरून दस्ती घेतली आणि मानेमागं अशी आवळली की त्याचे डोळे बारीक झाले.

गाव लांब गेलं. आणि खालून आवाज आला, भरदार, एकसारखा, स्टेशनातल्या उंच नळाखाली उभ्या इंजिनाचा. मान वळवली, तरी होता. चिमट्यानं आजवर ऐकवला तो ह्याच्यापुढं कागद चुरगळल्याचा आवाज होता.

तरी त्यानं लगेच खूण केली नाही. दोनदा पोळलेला माणूस होता. त्यानं हात वर केला, कोपऱ्यावर चन्नबसप्पानं व्हॉल्व बंद केला. आवाज हळूहळू विरला. हात खाली, व्हॉल्व उघडा, आवाज परत. असं त्यानं इतक्यांदा केलं की चन्नबसप्पानं लांबून हात जोडले. मग आवाज जास्तीत जास्त कुठं आहे ते बघत तो सरकत गेला आणि खडूनं फुली मारली. फुली कमानीच्या डाव्या पायाशी आली.

कमान पाडायची म्हणजे जिल्ह्याचा अपमान, असं समितीचे दोघंचौघं लगेच येऊन सांगू लागले. साहेबांनी ज्ञानोबाला बाजूला घेऊन विचारलं, नक्की ना. ज्ञानोबा नक्की म्हणाला, आणि त्याचा पाय हलायला लागला.

मजुरांनी पायाच्या कडेनं खणायला घेतलं. हातभर खणलं, कोरडं. कमरेएवढं खणलं, कोरडंच. मुरूम वर येऊन पडायचा आणि त्याची धूळ उडायची. घागरीवाली बाई आलीच होती, पण आज बोलली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं. तो खड्ड्याभोवती फेऱ्या मारत होता. टँकरवरची शिट्टी त्याला दातात जाणवत होती. सरजाबाई सावलीत न बसता त्याच्या मागोमाग उन्हात फिरत होती, पोराला नव्हे, दस्तीला बघत.

मग एका मजुरानं टाकलेल्या पाटीतून धूळ उडाली नाही. पुढच्या पाटीतला मुरूम गडद होता. त्याच्या पुढची पाटी त्यानं भरलीच नाही, कारण त्याचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते. कमानीच्या पायातला खांब ठोकताना थेट नळीच्या जोडावर बसला होता. जिल्हा झाल्यापासून पाणी तिथंच थांबत होतं.

कमान काढली. गल्लीतल्या नळाला त्याच आठवड्यात धार आली, आणि सिंधूनं सगळी भांडी भरून झाल्यावर नवऱ्याला एक कप चहा बसून प्यायला लावला. यंत्र कपाटात गेलं नाही. ज्ञानोबानं कार्यालयात सगळ्यांना सांगितलं, की दोष हेडफोनात नव्हता, दस्ती आत होती. गादीच चांगली, वरून कान बांधा. त्यांनी ऐकून घेतलं. चन्नबसप्पा म्हणाला, वरून बांधली तर फटीतून लू शिरते. मृगाच्या तोंडावर सहा नवे चिमटे आले, ज्ञानोबाच्याच सहीच्या शिफारशीवरून, आणि बाकीचे सगळे ते दस्तीवरून लावून मान डोलवू लागले.

सरजाबाई त्याआधीच परत गेली. एसटी स्टँडवर नेहमीचा गोंधळ होता, ज्ञानोबाचा पाय हलत होता. नांदेडची गाडी लागली तशी तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि त्याची दस्ती सोडून दोन्ही तळवे त्याच्या कानांवर टेकवले, ताप बघायला. स्टँड लांब गेलं. कंडक्टरचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज नव्हता. नुसती मायच्या तळव्यांतली मंद घरघर. ज्ञानोबाचा पाय थांबला.

तिनं हात काढले.

"तापलेत," ती म्हणाली. "दस्ती ओली करून बांधत जा. आता पाणी हाय न्हवं."