बारवेतली जिवंत ‘घाण’

मंडळी, अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून लगेच लिहितेय.

आज अहमदपूरजवळच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत गेले होते. दुष्काळात तिथल्या यकृतका कशा तगतात, यावर माझं संशोधन चाललंय. यकृतका म्हणजे भिंतीला चिकटून वाढणारी, शेवाळासारखी दिसणारी इवलीशी वनस्पती. तिला खरी मुळंही नसतात. पाणी आटलं की काळी पडून आकसते, पण मरत नाही.

बघते तर नव्या जिल्ह्यासाठी झटणारी समिती तारेच्या ब्रशनं भिंत खरवडत होती! दुपारी नेते येणार होते. वर फलक : ‘नियोजित जिल्ह्याचे पहिले जैवविविधता उद्यान’.

“मॅडम, लई घाण झालती. साफ करायलोत,” अध्यक्ष म्हणाले.

“अहो, जिवंत आहे ती!”

“एवढी काळी ठिक्कर? जिवंत?” सगळे खिदळले.

मग समितीनं बारवेच्या काठावर लावलेल्या शोभेच्या रोपांसाठी टँकर आला. गावाच्या घागरी रिकाम्या, पण फोटोला पाणी हजर. त्याचे शिंतोडे भिंतीवर उडाले आणि ब्रशातून वाचलेला एक पट्टा बघता बघता हिरवागार उलगडला.

मी अध्यक्षांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि ब्रशवाल्याला हाक मारली, “अरे, इथं राहिलं की! हात टेकला तर पाहुणे घसरतील.”

नेते गेल्यावर रोपं पाहिली. सगळी प्लास्टिकच्या पिशवीसकट पुरलेली.

ज्यांना रोपाची पिशवी फाडता येत नाही, त्यांना म्हणे जिल्हा चालवायचाय. द्यायचा का?