धाकट्या साडूंचं कुलूप

आमच्या धाकट्या साडूंना ‘मला न्हाई कळलं’ असं म्हणताना जेवढा आनंद व्हायचा, तेवढा लोकांना बढती मिळाल्यावरही होत नसेल. पुण्यात गणिताचं संशोधन करणारे हे गृहस्थ सासूबाईंनाही खुशाल म्हणायचे, ‘अनारशाला जाळी कशी पडती? न्हाई कळलं, परत सांगा.’ सासूबाई हौसेने परत सांगायच्या. मी नगरच्या कॉलेजात इतकी वर्षं गणित शिकवतो. हे वाक्य वर्गात माझ्या तोंडून कधी गेलेलं नाही, सासुरवाडीत तर नाहीच.

ते येईपर्यंत कोल्हारच्या घरातला हुशार जावई मी होतो. सासरे, म्हणजे आमचे मामा, मला ‘मास्तर’ म्हणत. भावकीत कुणाच्या पोराचं गणित अडलं की फोन मला यायचा. मग धाकट्या मेव्हणीचं मिरजगावच्या या मुलाशी जमलं. ‘तुमच्याच लाईनीतले हायेत,’ मामा कौतुकाने म्हणाले. माझ्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं होतं.

पहिल्याच दिवाळीला मामांनी त्यांना विचारलं, तुम्ही नेमकं करता काय? मला हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी चकली मोडत मजा बघायला सरसावून बसलो. एलिप्टिक कर्व्ह आणि त्यांच्यातल्या आयसोजेनी हा माणूस मामांना काय समजावणार?

साडूंनी ओट्यावर बोटानेच शिवार काढलं. मोबाईलमधल्या पैशांची, निरोपांची आजची कुलपं उद्याचे क्वांटम कॉम्प्युटर उघडतील, म्हणून नवं कुलूप करायचं. प्रत्येक कर्व्ह म्हणजे एक वस्ती, आणि एका वस्तीवरून दुसरीवर नेणारी पायवाट म्हणजे आयसोजेनी. समजा, मामा आणि साडू एकाच वस्तीवरून निघाले, आपापल्या गुपित वळणांनी. कुठे पोचलो ते जगाला सांगायचं, कसे पोचलो ते नाही. मग एकमेकांच्या मुक्कामावरून पुन्हा आपापली वळणं घ्यायची. ती घेता यावीत म्हणून थोड्या खुणा तेवढ्या सांगून ठेवायच्या. शेवटी दोघं भेटतात एकाच जागी, आणि ती जागा म्हणजे किल्ली. चोराला मुक्काम ठाऊक असतात, पण वाट शोधण्यात त्याचा जन्म जातो.

‘आसं हाय व्हय,’ मामा म्हणाले आणि संध्याकाळी पारावर जाऊन चार जणांना सांगून आले. वर साडूंनी मलाच विचारलं, ‘दादा, तुमी शिकवनारी मानसं. नीट सांगितलं का मी?’ मी मान डोलावली. त्यांनी जरा तोरा मिरवला असता, तर मला मनसोक्त राग तरी धरता आला असता.

घरी येऊन मी गुपचूप आयसोजेनी वाचायला लागलो. बायकोने विचारलं तर पेपर तपासतोय म्हणायचो. निम्मं डोक्यावरून जायचं.

म्हणूनच ती बातमी मला लगेच समजली. परदेशातल्या दोघांनी ते कुलूप फोडलं होतं, तेही साध्या कॉम्प्युटरवर, तासाभरात. सांगून ठेवलेल्या खुणांवरूनच त्यांनी वाट काढली होती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी दुसऱ्यांदा चहा करून प्यालो. नागपंचमी तोंडावर होती. एरवी बायकोला एसटीत बसवून देतो, त्या वर्षी कोल्हारपर्यंत स्वतः सोडायला गेलो. साडूही येणार होते, आणि त्यांचं सांत्वन मामांच्या देखत करायचं होतं.

साडू आधीच ओट्यावर होते आणि तेच शिवार पुन्हा काढत होते. ‘दादा, बसा, बसा. लई भारी युक्ती हाय,’ ते म्हणाले. कित्येक वर्षांपूर्वीचं एक प्रमेय सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पडून होतं, कुणी तिकडून बघितलंच नव्हतं. आपली एवढ्या वर्षांची मेहनत कशी बुडाली, हे ते लग्नाची गोष्ट सांगावी तसं सांगत होते. ‘मला कसं न्हाई सुचलं?’ म्हणून कपाळावर हात मारत होते. मामा डोळे पुसेस्तोवर हसले. पाठ केलेलं सांत्वन मी चहाबरोबर गिळलं. त्यांच्या यशावर मी जळत होतोच, पण त्या दिवशी त्यांच्या हरण्यावर जास्त जळलो.

पुढे ते परदेशी गेले, खुणा न सांगता लावायच्या कुलपावर काम करायला. वर्षभरात अधिक महिना आला. जावयांच्या मानाचे पुरणाचे धोंडे जेवायला या खेपेला पाटावर मी एकटाच होतो. तूप, अनारसे, चांदीचा दिवा, सगळा मान माझा. मामांनी विचारलं, ‘धाकट्या पाव्हन्यांच्या नव्या कुलपाचं कुठवर आलं?’

याच प्रश्नाची मी वर्षभर तयारी केली होती. वस्त्या, वाटा, सगळं सांगितलं, एकही चूक न करता. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘बरं सांगितलं, मास्तर,’ ते म्हणाले. ‘पन त्यांना फोन लावा की. ते सांगत्यात तवा कळल्यावानी वाटतं.’

मी खरकटा हात तसाच ठेवून डाव्या हाताने फोन स्पीकरवर लावला. मामांचा प्रश्न ऐकून पलीकडून तोच आनंदी आवाज आला, ‘मामा, ते आजून मलाच न्हाई कळलं.’

मामा खुशीत हसले आणि फोन घेऊन ओट्यावर गेले. मी पाटावर बसून राहिलो, पुढ्यात तुपात भिजलेले धोंडे. मग हात धुतला आणि मीही ऐकायला बाहेर गेलो.