सहाशे झाडांखाली एक सही

हिवरखुट्याच्या लोकांनी पुंजाजी भोपळ्याला पंचायत समितीवर निवडून दिलं, त्याचं खरं कारण एकच. महिन्यातून एक दिवस तरी हा माणूस गावाबाहेर राहील, ही आशा! माणूस वाईट नव्हता हो. घरची बारा एकर जमीन, बैलजोडी, गोजरबाईसारखी खमकी बायको, सगळं ठाकठीक. पण प्रश्न विचारायची खोड जन्माची. लग्नाच्या पंगतीला बसला तरी बुंदी वाढणाऱ्याचा हात धरून विचारायचा, "तेल कोन्तं वापरलं बे?" पोरीचा बाप तिकडं घामाघूम.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. पंचायत समित्या नव्या, खुर्च्या नव्या, खुर्चीत बसायची हौसही नवी. मासिक सभेत सगळे सभासद एका पक्षाचे आणि पुंजाजी एकटा विरोधी. बाकीचे चहा-चिवड्याला यायचे, हा मात्र बुलढाण्याहून मागवलेलं नियमांचं पुस्तक फडक्यात गुंडाळून आणायचा. पोथी सोडावी तसं ते फडकं सोडलं, की सभापती भगवानराव डोळे मिटून घ्यायचे. त्यांना वाटे, आता एक तास गेला.

पुंजाजीचे प्रश्न दोन. पहिला, "वनमहोत्सवात आमच्या टेकडीवर लावलेली सहाशे झाडं कुठी गेली?" दुसरा, "आमच्या शाळेले इमारत कधी देता?"

झाडांचं सांगतो. आषाढात बँड वाजला, मंत्र्यांचा फोटो लागला, भगवानरावांनी एका रोपाला झारीनं पाणी घातलं आणि बाकीची पाचशे नव्याण्णव रोपं सरपंच इंद्रभानाच्या हवाली केली. इंद्रभानानं ती बकऱ्यांच्या हवाली केली. पोळ्यापर्यंत टेकडीवर खड्डे तेवढे राहिले, त्यांत पोरं गोट्या खेळायची. सरकारी कागदावर मात्र निंब, करंज आणि शिसव झोकात वाढत होते.

शाळेचं दुखणं त्याहून खोल. इमारत नव्हतीच. ओढ्याकाठी पाच जुने आंबे होते, त्यांच्या सावलीत मार्तंड गुरुजी पोरं घेऊन बसत. गोजरबाईला अक्षर येत नव्हतं, पण नात सिंधू शिकावी म्हणून तिनं घरोघरी फिरून, कुणाच्या पाया पडून, कुणाशी भांडून अकरा पोरी गोळा केल्या होत्या. आया म्हणायच्या, "पोरगी उन्हात करपली तं कोन सून करीन तिले?" गोजरबाई आंब्यांकडं बोट दाखवायची. तेवढ्या सावलीवर अकरा पोरी टिकून होत्या.

माघातल्या सभेत पुंजाजीनं झाडांचा प्रश्न पुन्हा काढला, तेव्हा भगवानराव वैतागून उभेच राहिले. "चाला! बाहेर जीप उभी हाये. आत्ता जाऊ, मोजू, होऊन जाऊ द्या एकदाचं!"

आता सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? उडी मारून जीपमध्ये बसला असता. पण आमचे हे नियमाचे महामेरू! फडकं सोडलं, पान काढलं आणि म्हणाले, "असं नाई चालत. पाहनी समिती नेमा. पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. समिती कचेरीतून एकत्र निघाली पाह्यजे. अन् अहवालावर तक्रारदार सभासदाची सही झाल्याबिगर तो मंजूर होनार नाई."

भगवानरावांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा इंद्रभानाकडं पाहिलं आणि इतक्या गोड आवाजात "मंजूर" म्हणाले, की चिवडा खाणाऱ्यांचे हात थांबले. पुंजाजीला वाटलं, गड सर केला. घरी येऊन गोजरबाईला म्हणाला, "वाकवलं पाह्य त्याइले!" गोजरबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "जीप उभी होती तं बसले काऊन नाई?" ह्या प्रश्नाला पुस्तकात पान नव्हतं.

फाल्गुनात पाहणीचा दिवस ठरला. समितीनं कचेरीतून एकत्र निघायचं, म्हणून हा पठ्ठ्या आदल्या दिवशीच तालुक्याला जाऊन धर्मशाळेत झोपला. सकाळी धुतलेलं धोतर, टोपी, काखेत पुस्तक. जीप गावात न जाता पलीकडच्या पांदणीनं थेट टेकडीवर चढली. आणि काय सांगू महाराज, टेकडी हिरवीगार! सहाशे खड्डे, सहाशे रोपं, प्रत्येकाला नीट आळं, प्रत्येकात पाणी. इंद्रभान हात जोडून उभा, चेहऱ्यावर भक्तिभाव.

"मोजा," भगवानराव म्हणाले.

पुंजाजी मोजायला लागला. दोनशे अकराव्या रोपाला तीन कैऱ्या होत्या. बोराएवढ्या, पण कैऱ्याच! आठ महिन्यांचं निंबाचं रोप, त्याला आंब्याचं पान आणि वर कैऱ्या! त्यानं ते धरून उपटलं. हातात अंगठ्याएवढी फांदी आली. बुडाशी कुऱ्हाडीचा तिरपा घाव, आणि त्यातून चीक अजून गळत होता.

"हे पाहा! हे पाहा सायेब!" पुंजाजी आनंदानं नाचायचाच बाकी राहिला. "निंबाले आंबे लागले! घ्या लिहून! एकूण एक फांदी—"

आणि मध्येच थांबला. त्याला आठवलं, पंचक्रोशीत एवढे आंबे एकाच ठिकाणी आहेत. फांदी हातात घेऊन तो टेकडीच्या कडेला धावला आणि त्यानं खाली ओढ्याकडं पाहिलं.

पाच आंब्यांचे पाच थोटके बुंधे उभे होते. एक पान म्हणून अंगावर ठेवलं नव्हतं. खाली उघड्या उन्हात मार्तंड गुरुजी डोक्यावर पंचा घेऊन शिकवत होते, आणि पोरं पाट्या डोक्यावर धरून बसली होती. पोरींच्या रांगेत सिंधू धरून पाचच डोकी होती. पुंजाजी तिथंच दगडावर बसला आणि पहिल्यांदा त्याला कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही.

भगवानराव शेजारी येऊन बसले. खिशातून सुपारी काढून कातरत म्हणाले, "पुंजाजीभाऊ, झालं ते झालं. तुमी बोंब मारली तं चौकशी होईन. चौकशी दोन साल चालन. इंद्रभान सुटन, कारन त्याचा साळा जिल्ह्याले कोन्त्या खुर्चीवर हाये ते तुमाले ठाऊक हाये. अन् आंबे काई परत फुटनार नाईत उद्या. त्यापरीस ह्या अहवालावर सही करा. गावानं झाडं जगवली म्हनून गावाचं नाव होते, अन् नाव झालेल्या गावाले ह्याच साली इमारत देतो मी. चार खोल्या. सिमेंटच्या."

"लिहून द्या," पुंजाजी म्हणाला. खोड जाते का कुठं?

"माह्या शब्दावर इस्वास नाई काय?"

पुंजाजीनं पुन्हा खाली पाहिलं. सिंधूनं पाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ते पाहून त्याला भडभडून आलं. साऱ्या जिल्ह्याला नियम शिकवणाऱ्या ह्या माणसानं न वाचता, लेखी न घेता, गुडघ्यावर कागद ठेवून सही ठोकली. गाढवपणा म्हणा, माया म्हणा. मी तर दोन्ही म्हणतो.

घरी त्यानं सहीचं सांगितलं नाही. "इमारत मंजूर झाली," एवढंच म्हणाला. गोजरबाईला आनंद मावेना. ती त्याच पावली अकराही घरी फिरली. "माह्या मालकानं आनली इमारत! पंधरा दिस काढा बायाहो, छत येऊन राह्यलं!" सात पोरी परत आल्या. डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसल्या, पण बसल्या.

चैत्र लागला आणि समितीचा लखोटा आला. पुंजाजी वावरात होता. गोजरबाईला धीर कुठला? तिनं सिंधूला ओसरीवर बसवलं, शेजारपाजारच्या बायका बोलावल्या आणि म्हणाली, "वाच."

सिंधू बोट ठेवून वाचू लागली. पुंजाजी दारात आला तेव्हा ती अर्ध्यावर होती.

"...आपल्या गावी लावण्यात आलेली सहाशे झाडे जिवंत असल्याचे सदस्य श्री. पुंजाजी भोपळे यांनी स्वाक्षरीनिशी प्रमाणित केले आहे. सबब, गावात मुबलक सावली उपलब्ध असल्याने शाळेच्या इमारतीची तूर्त निकड नाही. मंजूर निधी गरजू गावाकडे वळवण्यात येत आहे."

सिंधूनं विचारलं, "आबा, मुबलक म्हंजे?"

गोजरबाई उठली. "सही तुमची हाये?"

पुंजाजीनं तोंड उघडलं. भगवानरावाचं नाव जिभेवर होतं, इंद्रभानाचं होतं, चार खोल्यांचं होतं. पण समोर सिंधू कागद धरून उभी होती. "हाव," तो म्हणाला. "मीच केली."

गोजरबाई ओरडली नाही, रडलीही नाही. "मी अकरा घरी जाऊन इमारत आली म्हनून सांगतलं," ती म्हणाली. "आता तुमी जा. माह्याकडून एका बाईलेही तोंड दाखोल्या जानार नाई."

पुंजाजी तसाच निघाला, टोपी घालायचंही विसरला. दहा घरी त्यानं दहा वेळा सांगितलं, आणि दहा वेळा आयाबायांनी विचारलं, "सही कोनाची?" दहा वेळा तो म्हणाला, "माही."

अकरावं घर सत्यभामाबाईचं. तिनं काहीच विचारलं नाही. पंधरा दिवस सरले तशी लेक गव्हाच्या कापणीला जायला लागली होती. बाईनं त्याला पाणी द्यायला माठावरचं झाकण काढलं. झाकण म्हणजे पोरीची पाटी होती.