झिंबाब्वेतली अडलेली गाय

मी निवृत्त झाले त्या महिन्यात लेकीचा पुण्याहून फोन आला. तिने आम्हा दोघांसाठी झिंबाब्वेचा प्रवास ठरवून टाकला होता. नुसतं फिरणं नव्हतं ते. अभयारण्याला लागून असलेल्या एका केंद्रात राहायचं, तिथल्या जखमी आणि पोरक्या प्राण्यांची स्वयंसेवक म्हणून सेवा करायची, आणि मधल्या वेळात जंगल बघायचं.

"आई, तुला प्राणी आवडतात ना," ती म्हणाली.

बुलडाणा जिल्ह्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत माझी सगळी नोकरी गेली. म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून मी उन्हात, पावसात, लग्नाच्या मांडवातून उठून जाऊन वासरं ओढून काढली. प्राणी आवडतात का, हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, निवृत्तीनंतर निदान शेणाचा वास तरी सुटेल.

आमचे हे मात्र हरखले. चिखलीत आमचं बी-बियाण्याचं, खताचं दुकान आहे. ते पुतण्याच्या हवाली करून ह्यांनी नवा कॅमेरा घेतला, पांढरेशुभ्र बूट घेतले, आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटले, "सिंह पाहाले चाललो." शेण काढायला चाललो, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

केंद्रात पोचल्यावर पहिल्याच सकाळी आम्हाला प्रशिक्षण दिलं. तिथली व्यवस्थापिका परदेशातून आलेली, माझ्या लेकीपेक्षाही लहान, सदा हसतमुख मुलगी होती. बादली कशी धरायची, हे तिने आम्हाला दाखवलं. कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. मग प्राण्याजवळ जाताना घाबरायचं नाही, हे सांगितलं. मी म्हटलं, मी जनावरांची डॉक्टर आहे. "किती छान," ती म्हणाली, आणि माझ्या हातात फावडं दिलं.

तिचंही चुकत नव्हतं. परक्या देशात माझी पदवी चालत नाही, तिथल्या परवान्याशिवाय मला साधी सुई टोचता येत नाही, हे मलाही समजत होतं. पण समजणं वेगळं आणि सहन होणं वेगळं. एका हरणाच्या पिल्लाच्या मागच्या पायात सांध्याला सूज होती, आणि मी ती रोज बघत त्याच्यासाठी कोबी चिरत होते. तिथला डॉक्टर आठवड्यातून एकदा शहरातून यायचा. त्याला सांगावं म्हटलं तर व्यवस्थापिका म्हणायची, "आपण आधी निरीक्षण करू या." मी कोबी चिरत निरीक्षण केलं.

बाकीचे स्वयंसेवक चांगले होते, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचं कौतुक. शेण उचलतानाही ते एकमेकांचे फोटो काढायचे. एकीला हत्तीच्या लिदीत न पचलेल्या बिया दिसल्या तर तिचे डोळे भरून आले. मी बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, बाई, ती पाटी उचल आता.

जेवणाचा वेगळाच ताप. तिथे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा असतो, साड्झा म्हणतात, आणि बरोबर पालेभाजी. मला तो आवडला. ह्यांनी पहिल्या दिवशी घास तोंडात घोळवला आणि जाहीर केलं, "ही तं बिनफोडणीची उकडपेंडी हाय." पिशवीतून शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याची बरणी निघाली. सगळ्या टेबलाला चव दिली. दोघे जण ठसक्याने बाहेर पळाले, आणि ह्यांना त्या दिवसापासून फार लोकप्रिय झाल्यासारखं वाटू लागलं.

पहिल्या सफारीत जिराफ दिसले, झेब्रे दिसले, हत्तींचा कळप पाण्यावर आलेला दिसला. खरंच बघत राहावं असं होतं. पण शेजारी हे. हरणांचा मोठा कळप समोर आला, वाटाड्या हळू आवाजात त्यांची माहिती सांगू लागला, आणि ह्यांनी मला कोपर मारलं.

"हे येवढे जर आपल्या सोनाळ्याकडं सोडले ना, तं सकाळी दुकानासमोर रांग लागंल. झटका मशीन पुरणार नाही."

आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पिकात शिरतात, म्हणून शेतकरी कुंपणाला विजेचा झटका देणारं यंत्र लावतात. दुकानात त्याचा खप चांगला आहे. त्यामुळे गवत खाणारा कुठलाही जंगली प्राणी बघितला की ह्यांना यंत्रच आठवायचं. जिराफाला तार किती उंचावर बांधावी लागेल, हेही आम्ही जेवताना ऐकलं.

सिंह काही दिसेना. दुसऱ्या सफारीत नाही, तिसरीतही नाही. ह्यांचा चेहरा उतरत चालला. मग एका सकाळी निरोप आला की अभयारण्याच्या पलीकडच्या बाजूला सिंहांनी म्हैस मारली आहे आणि सगळा कळप तिथेच बसून आहे. आम्ही घाईने जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर जवळच्याच गावचा, पन्नाशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, गावातून आडवाटेने जाऊ, लवकर पोचू.

त्या आडवाटेवर एक म्हातारी रस्त्यात उभी राहून दोन्ही हात हलवत होती. ड्रायव्हरने थांबून तिची विचारपूस केली आणि आम्हाला सांगितलं, तिची गाय कालपासून अडली आहे, सरकारी माणसाला फोन लागत नाही. परत येताना बघू, असं त्याने तिला सांगितलं होतं. झाडाखाली गाय दिसत होती. आडवी पडलेली, मान लांबवलेली. मागून वासराचे दोन खूर बाहेर आलेले आणि सुकलेले.

मी जीपमधून उतरले. ठरवून उतरले असं नाही. ते खूर बघितले आणि पाय खाली होते.

"अवं, कुठं चालली?" हे म्हणाले. "तिकडं सिंह बसले हायेत."

"इथं गाय बसली आहे."

"तुले परवानगी नाही इथं. त्या पोरीनं सांगितलं नाही का?"

"मग तुम्ही पुढे जा. मला येताना घ्या."

पण ड्रायव्हर म्हणाला, पाहुण्याला गावात एकटं सोडून जायची मुभा नाही. म्हणजे आता सगळ्यांनाच थांबणं आलं. मागच्या बाकावरच्या दोघी स्वयंसेवकांनी घड्याळात बघितलं. ह्यांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं, आणि ते लावताना मोठा आवाज होईल याची काळजी घेतली.

मी म्हातारीकडून पाणी, साबण आणि खायचं तेल मागून घेतलं. जीपमध्ये पातळ दोरी होती. हातात घालायला काही नव्हतं. आत हात घातला तेव्हा कळलं, वासराची मान मागे वळून पोटाशी गेली आहे. नुसते पाय ओढत राहिलं तर गाय मेली असती. वासरू आधीच गेलेलं होतं. जिभेला बोट लावलं, हालचाल नाही.

मग ते नेहमीचं काम. कळ आली की थांबायचं, कळ ओसरली की वासराला आत ढकलायचं, जागा करायची, खालच्या जबड्यात दोरीचा फास अडकवायचा. माझी सवय सुटलेली. हात बधिर व्हायचा, मी बाहेर काढून झटकायची आणि पुन्हा घालायची. तेलाची बाटली धरायला कोणी नव्हतं.

"अहो, इकडे या," मी म्हटलं.

हे आले. पांढरे बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून लांब उभे राहिले, हात पूर्ण लांब करून बाटली धरली, आणि तोंड पार दुसरीकडे फिरवलं.

"इकडे बघून ओता, माझ्या पायावर पडून राह्यलं," मी म्हटलं. चिडले की माझी शाळेतली भाषा सुटते आणि गावची तोंडात येते.

"मले पाहवत नाही ते."

"दुकानात जंतनाशकं विकता ना?"

"विकाले पाहा नाही लागत."

शेवटी मान वळली. ड्रायव्हर आणि म्हातारी दोघांनी दोरी धरली. मी सांगेन तेव्हाच ओढायचं होतं. म्हातारी माझ्या आधी ओढायची. मी मराठीत ओरडले, तेव्हा ती थांबली. गोऱ्हा बाहेर आला. मोठा होता, पूर्ण वाढलेला. तो बाजूला ओढला आणि आम्ही सगळे त्याच्याकडे न बघता गाईकडे बघत राहिलो. तिचा श्वास चालू होता. पाणी समोर ठेवलं तर प्यायली.

म्हातारीने गाईच्या मानेवरून हात फिरवला. मग माझ्याकडे बोट करून जोरजोराने बोलू लागली. मला वाटलं आभार मानते आहे.

"काय म्हणते?" मी ड्रायव्हरला विचारलं.

तो जरा अवघडला. "ती विचारते आहे, तुम्ही डॉक्टर आहात तर कालपासून होता कुठे?"

पिंपळगाव राजाला नेमणूक होती तेव्हा हे मी इतक्या गोठ्यांत ऐकलं होतं, की मला काय उत्तर द्यावं तेही तोंडपाठ होतं. पण ते मराठीत होतं. मी तिला म्हटलं, वासरामागची वार पडते का बघा, गाईला उन्हात ठेवू नका. ड्रायव्हरने ते सांगितलं. तिने मान हलवली आणि साबण परत घेतला.

आम्ही पोचलो तेव्हा सिंह उठून गेले होते. म्हशीची हाडं होती आणि गिधाडं होती. ह्यांनी गिधाडांचा एक फोटो काढला आणि परतीच्या वाटेवर ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

संध्याकाळी व्यवस्थापिकेने मला बोलावलं. हसत नव्हती. केंद्राच्या पाहुणीने परवान्याशिवाय उपचार केला, उद्या गाय दगावली असती तर गाव केंद्राच्या दारात आलं असतं, असं तिने शांतपणे सांगितलं. तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. चुकीचं बोलली असती तर भांडता आलं असतं. आता मी केंद्राबाहेर फक्त सफारीलाच जायचं, असं ठरलं. मी पुन्हा कोबी चिरू लागले.

दोन-तीन दिवसांनी तिथला सरकारी पशुधन सहायक मोटारसायकलवर आला. मला वाटलं, आता चौकशी. त्याने विचारलं, मान कुठल्या बाजूला होती? मी दाखवलं. मग त्याने त्याच्या भागाचा विस्तार, पेट्रोलचा तुटवडा, न लागणारा फोन, आणि वरून येणारे निरोप यांची तक्रार सुरू केली. मी माझी केली. चहा दोनदा झाला. जाताना तो व्यवस्थापिकेला म्हणाला, उद्या गुरांना गोचीड मारायच्या औषधात बुडवायचा दिवस आहे, बाईंना नुसतं बघायला नेतो. ती नाही म्हणू शकली नाही.

दुसऱ्या दिवशी सफारीही होती. हे सफारीला गेले, मी हौदाकडे गेले.

सिमेंटचा लांब, खोल, अरुंद हौद. आजूबाजूच्या गावांची गुरं एका तोंडाने आत उडी घेतात, नाकापर्यंत बुडतात, आणि पोहत दुसरीकडून चढून येतात. धूळ, हंबरणं, माणसांच्या शिव्या. मी भिंतीवर बसून होते. औषध फार पातळ झालंय असं मला वाटलं, मी सहायकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, मलाही वाटतं, पण औषध इतकंच आलंय.

म्हातारी आली. गाय बरोबर होती, चालत होती, मात्र मागचा एक पाय किंचित ओढत होती. म्हातारीने मला लांबूनच ओळखलं आणि तावातावाने बोलत आली. सहायकाने सांगितलं: तुम्ही फार जोराने ओढलंत, म्हणून पाय गेला, असं म्हणते.

"मी नाही ओढलं, तिनंच ओढलं," मी म्हटलं. "पण नस दबली आहे, होईल कमी. हिला आज हौदात उडी मारू देऊ नका. अंगावर हाताने औषध लावा."

म्हातारीने ऐकून घेतलं आणि बादली माझ्याचकडे सरकवली. मी सहायकाकडे बघितलं. तो दुसऱ्या गुरांकडे बघत होता. मग तिने गाय धरली आणि मी औषध लावलं, कानामागे, शेपटीखाली, कासेच्या बाजूला, जिथे गोचीड बसतात तिथे. काम होईपर्यंत ती बडबडत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

परतले तेव्हा हे व्हरांड्यात बसले होते. सिंह दिसले होते.

"कसे होते?" मी विचारलं.

"झोपेल होते. पाय वर करून. लई येळ पाह्यलं. एकानं शेपूट हलवली." मग म्हणाले, "तुही गाय कशी हाय?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "वाचली ना. बरं झालं."

चिखलीला परतल्यावर लोक भेटायला आले. झोपलेल्या सिंहांचे फोटो दोन मिनिटांत संपायचे. मग हे खुर्ची पुढे ओढायचे आणि सुरुवात करायचे, "आम्ही तिथं एक गाय सोडवली." गोष्टीत ह्यांचे हात कोपरापर्यंत भरलेले असत. पांढरे बूट वाया गेलेले असत. मी चहा घेऊन बाहेर यायचे तेव्हा पाहुणे माझ्याकडे वळून विचारायचे, "आन् वहिनी, तुम्ही घाबरल्या नाही का?"