तुऱ्याचं गवत

वालचंदनगरच्या वसाहतीत आम्हाला क्वार्टर मिळालं, तेव्हा मी कुंपणाशी शोभेचं गवत लावलं. उसाच्याच कुळातलं. तशीच पेरं, तशीच कापणारी पानं, आणि थंडीत माथ्यावर पांढरे रेशमी तुरे. वर्षभर मी त्या तुऱ्यांची वाट पाहिली होती.

ते उमलले त्याच आठवड्यात पिंपळीहून मामंजी आले. जन्मभर ऊस केलेला माणूस, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सासूबाई गेल्यापासून एकटेच भाकरी थापायचे, बोटं भाजून घ्यायचे. "आठ दिवस बघतो, करमलं तर ऱ्हातो," म्हणाले. आमचे हे कामावर निघताना रोज मला बजावत, "जीभ तेवढी आवर." माझ्या तापटपणाची ख्याती सासरी कधीच पोचली होती.

पहिल्याच दिवशी मामंजी कुंपण चाचपून म्हणाले, "सूनबाई, ऊस लई बारीक ठेवलाय." मला हसू आलं. तो ऊस नाही, एवढं सांगायचे कष्ट मी घेतले नाहीत.

सातव्या दिवशी मी बाजारातून परतले तर कुंपण उघडंबोडकं. सगळं गवत जमिनीलगत छाटलेलं, मोळ्या बांधून भिंतीशी रचलेल्या. मामंजी कोयता पुसत खुशीत उभे.

"तुरा आला हुता. आता ठिवला तर ऊस पोकळ पडतोय. येळंवर तोडला बघ."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडलेच. "तुऱ्यांसाठीच लावलं होतं मी! ऊस नाही तो, गवत आहे!"

त्यांनी एक कांडी उचलली, दातांनी सोलली, चावली. थुंकली. कोयता ठेवून आत गेले. दारातून दिसलं, ते धोतर घडी करून पिशवीत भरत होते. माफी मागायला हवी, हे कळत होतं. पण खरं सांगायचं तर राग अजून पुरता उतरला नव्हता. एसटीला अर्धा तास होता.

ते पिशवी घेऊन बाहेर आले. मी वाटेत उभी राहिले.

"मामंजी, हे पुन्हा फुटेल का?"

ते थांबले. वाकून बुडख्यांवरून बोटं फिरवली. "जमिनीबरुबर तोडलंय. ह्याच बुडख्यांतनं खोडवा चांगला फुटंल."

"आणि तुरे?"

"वरीस लागंल."

"मग तुम्ही गेल्यावर खोडवा राखणार कोण? मला नाही येत."

पिशवी माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "बादली कुठं हाय?"