बिबड्यांचं शीड

"भाऊ, गाडी मोकळी शे का?"

हा प्रश्न ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. फोन चुलतभावाचा असतो. कसा आहेस नाही, केळीचं काय चाललंय नाही, थेट गाडी. आमची गाडी आठ जणांची; पण आमच्या गावात आठ जणांची म्हणजे तेरा जणांची. "एक मानूस तर मावस ना!" म्हणत एकेक जण आत घुसतो आणि शेवटचा असं दार आपटतो की गाडीनं जणू त्याच्या बापाचं काही खाल्लंय. एसी चालू आणि काचा खाली. समोशाचे हात सीटलाच पुसायचे. तोरणमाळच्या घाटात कोणीतरी हमखास ओकणार. आणि गाडी मागे घेताना, ज्याला सायकलसुद्धा धड येत नाही तोच मागं उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करणार, ते पार खांबाला टेकेपर्यंत.

खरं सांगायचं तर ही गाडी मी माणसांसाठी घेतलीच नव्हती, टपासाठी घेतली होती. नाशिकला कॉलेजात असताना एनसीसीत शिडाची होडी चालवायला शिकलो आणि ते खूळ डोक्यातून गेलंच नाही. पुढे प्रकाशा गावाजवळ बॅरेज झालं, पाणी अडलं, आमच्या बाजूला तापी उन्हाळ्यातही भरलेली राहायला लागली. मग मी एक जुनी, दोन माणसांची होडी आणून काठावर एका भोयाच्या झोपडीमागं ठेवली. डोलकाठी आणि शीड मात्र घरी. काठावर ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी डोलकाठी कुणाच्या तरी मांडवात उभी दिसली असती. ती लांबलचक काठी न्यायला मोठा टप हवा. बायकोला सांगितलं, कुटुंबासाठी घेतोय. कुटुंबानं ते फारच मनावर घेतलं.

चैत्र-वैशाखात दुपारी गुजरातकडून वारा सुटतो. केळीच्या पानांच्या चिंध्या होतात, घड असलेली झाडं आडवी होतात, सगळं गाव त्या वाऱ्याला शिव्या घालतं. माझीही केळी आहे, मीही घालतो. पण तो सुटला की माझं बूड खुर्चीला टेकत नाही. ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर. "यास्ना पायले भिंगरी शे," बायको म्हणते. आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई! लग्न लोकांचं, गाडी माझी, वारा वाया.

यंदा मात्र जीव टांगणीला लागला होता. आमची मुलगी, लहानपणापासून माझी होडीतली जोडीदार, तिला जर्मनीत नोकरी लागली. बुधवारी निघणार. जायच्या आधी एकदा, एकदाच, तिच्याबरोबर पाण्यावर जायचं, एवढंच मला हवं होतं. एक रविवार रनाळ्याच्या साखरपुड्यात गेला. पुढचा कुणाच्या तरी हळदीत. आता शेवटचा उरला. शनिवारी चुलतभाऊ खांडबाऱ्याच्या लग्नाला गाडी घेऊन गेला, तेव्हा मी त्याला बजावलं, "उद्या देवाचं लग्न असलं तरी गाडी मिळणार नाही." संध्याकाळी त्यानं ती आणून लावली. चावी मी उशीखाली घेऊन झोपलो.

रविवारी जेवण होतंय तोच वारा सुटला. मी अर्धी भाकरी ताटात टाकून उठलो. डोलकाठी टपावर बांधली, मुलगी पाण्यातली जाकिटं घेऊन आली. मागचं दार उघडलं, तर एरवी गाडीतच पडून असणारी शिडाची पिशवीच नाही!

भावाला फोन लावला. "ती पांढरी पिशवी ना भाऊ? तीन मानसं बसत नव्हतात, मंग मी ती ओटावर काढी ठेवी."

ओट्यावर काही नव्हतं. वरून, गच्चीवरून, लसणाचा वास येत होता. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. माझं शीड गच्चीभर अंथरलेलं, तिन्ही कोपऱ्यांवर विटा, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बिबड्या. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, त्यात लसूण, मिरची, तीळ, असं ते कापडावर हातानं गोल थापायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. बायको आणि शेजारीण डोक्यावर पदर घेऊन शेवटची ओळ थापत होत्या.

"अहो, हात नका लावू! ओल्या शेतस!"

"अगं, शीड आहे ते माझं! शीड!"

"माले काय माहीत? लुगडा पुरनात नहीत. हाई ओटावर पडेल व्हतं."

मग मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. अक्कल काढली, माहेर काढलं. वारा पदर उडवत होता, माझ्या अंगाची लाही लाही होत होती. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. हातावरचं पीठ पातेल्यात निपटलं आणि म्हणाली, "तुम्ही तिले पानीवर लई जाशात. मी काय देऊ तिले? मन्हा हातमा इतलंच शे."

मी पायातल्या चपला काढून जिन्यापाशी ठेवल्या.

मुलगी माझ्या मागं येऊन उभी होती. ती खाली बसली, कडेची एक अर्धवट सुकलेली बिबडी सोलली आणि तोंडात टाकली. "आई, ओलीच भारी लागते गं." मग दुसरी सोलून तिनं आईच्या तोंडात घातली. शेजारीण हसायला लागली. आम्ही सगळेच बसलो. सुटतील तशा बिबड्या काढून सुपात, परातीत, जुन्या धोतरावर टाकत गेलो. बऱ्याच फाटल्या. माझी नजर सारखी नारळाच्या झावळीकडे. वारा कमी होत चालला होता.

शीड गुंडाळलं तेव्हा ऊन कललं होतं. गाडीत बसताना काय वाटलं कोण जाणे, मी बायकोला म्हटलं, "चल तूही." इतक्या वर्षांत ती कधी नदीवर आली नव्हती. "मी कशाले?" म्हणत म्हणत आली. शेजारीणही चढली. एक माणूस तर मावतोच.

काठावर डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. त्यावर पिवळट गोल डागांच्या रांगा. वारा आता नावापुरता उरला होता, एखादी फेरी होईल इतका. आणि होडी दोघांची.

मुलगी सुकाणूशी बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी माझं जाकीट काढलं आणि बायकोच्या अंगात चढवलं.

"अहो, मी बुडसू!"

"नाही बुडत. पोरगी आहे ना."

ढकललं मी त्यांना. शीड फुगलं, आणि बायकोची किंकाळी पाण्यावरून आली, मग तिचं हसणं. मी गुडघाभर पाण्यात येरझाऱ्या घालत ओरडत होतो, दोरी सैल सोड, डावीकडे घे. कुणी ऐकत नव्हतं. नदीच्या मधोमध वारा पडला. शीड लोंबलं, होडी जागच्या जागी थांबली. वल्ही होती आत, पण मुलीनं हात लावला नाही. दोघी समोरासमोर बसून बोलत राहिल्या. काय ते मला ऐकू आलं नाही.

मागून शेजारीण म्हणाली, "आते कशा येतीन त्या? हाक मारा ना."

मी मारली नाही. उभ्या जन्मात त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, वारा सुटू नये. बुधवारपर्यंत सुटू नये.